एसीचा ‘गॅस’ संपला म्हणाला, आणि साडेतीनशेचा कपॅसिटर मला १२,८०२ ला पडला

आधीच सांगतो, मी काही भोळाभाबडा नाही. तीस वर्षं सरकारी नोकरीत लोकांची बिलं तपासली, भल्याभल्या कंत्राटदारांच्या रकमा कापल्या. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण मे महिना तोंडावर आहे, आणि आमच्याच गल्लीत आणखी दोन घरी हेच झालंय. म्हणून लिहितो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे कूलर आहे, पण आईचं वय ७८, रक्तदाबाचा त्रास, तिच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी. एका दुपारी तो नुसती साधी हवा फेकायला लागला. आई घामाने ओली. अशा वेळी माणूस चौकशी करत बसत नाही, मिळेल तो नंबर फिरवतो. मी कंपनीचं नाव टाकून शोधलं, सगळ्यात वर ‘अधिकृत सेवा केंद्र’ आलं, तिथे फोन लावला. तो कंपनीचा नंबर नव्हताच, पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलंही होतं म्हणे. चष्मा टीव्हीजवळ राहिला होता.

तासाभरात दोन पोरं हजर. अंगात कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मोठा जो होता त्याने रिमोट दाबला, जाळीसमोर हात धरला आणि एका मिनिटात निदान: “अंकल, गॅस पूरा खाली है.”

आउटडोअर आमच्या गच्चीवर आहे. तिथे त्याने गॅसचा दाब मोजायचा गेज लावला, मला बोलावून काटा दाखवला. ३० वर. “एकसौ चालीस चाहिए. एकसौ दस पॉइंट कम है. पॉइंट का पैंतालीस रुपया.”

इथे मी थांबायला हवं होतं. पॉइंटला पंचेचाळीस! अहो, घरचा सिलिंडर आपण १४.२ किलोचा घेतो, वजन करून घेतो. गाडीच्या टायरमध्ये हवा भरणारा कधी पॉइंटला पैसे मागतो का? एसीतला गॅससुद्धा वजनावरच भरतात. आमच्या आउटडोअरच्या नेमप्लेटवर छापलंय: आर ३२ (हा गॅसचा प्रकार), ७८० ग्रॅम. मी त्या पाटीपासून हातभर अंतरावर उभा होतो. आयुष्यभर दर आणि परिमाण तपासलेला माणूस, आणि तोंडी हिशेब काय करतोय, तर ११० गुणिले ४५, चार हजार नऊशे पन्नास, बरोबर आहे. गुणाकार बरोबर आला म्हणून मला समाधान वाटलं!

मग त्याने मला पिटाळायला सुरुवात केली. खाली जाऊन एसी सोळावर करा. बादलीभर पाणी आणा. मेन स्विच बंद करा, आता चालू करा. ४४ डिग्रीत मी जिना चढतोय, उतरतोय. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा मशीन घुर्रघुर्र करत होतं आणि गेजचा काटा सरसर चढत होता. “देखो अंकल, गॅस जा रहा है.” मी मान डोलावली.

गॅसची निळी टाकी गच्चीवर चढवताना मी हात दिला होता, उतरवतानाही दिला. चढवताना जेवढी जड, तेवढीच उतरवताना. आणि हाताला कोमट. टाकीतून गॅस बाहेर पडला की टाकी गार पडते, हे मला आता कळलंय. तेव्हा फक्त एवढंच मनात आलं की पोरगं दमलंय, त्याला सरबत द्यावं. दिलं.

बिल असं: व्हिजिट ४९९, वॉशिंग १,२००, गॅस ४,९५०, ‘पीसीबी का रिले उड़ा था, बदल दिया’ (म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावरचा स्विच) ४,२००. बेरीज १०,८४९. वर १८ टक्के जीएसटी १,९५३. एकूण १२,८०२. कागद कच्चा, त्यावर ना जीएसटी नंबर ना पत्ता. जीएसटी घेतो तर नंबर कुठाय, हे मी विचारलं, नाही असं नाही. “ऑनलाइन आएगा.” यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. “मालकीण है.” मी पिन टाकला. बायको मागून म्हणाली, “एकदा शेजारी विचारा तरी.” मी तिच्यावरच खेकसलो, कारण आत गार वारा यायला लागला होता आणि आई झोपली होती. एसी चालू झाला होता हो! संशय यायचा तरी कशावरून?

तीन आठवड्यांनी इनडोअरमधून पाणी ठिबकायला लागलं. त्यांचा नंबर लागेना. मग चौकातला जुना मेकॅनिक आला. पाणी जायचा पाइप तुंबला होता, त्याने फुंकून मोकळा केला. मी फुशारकीने सांगितलं, गॅस आत्ताच भरलाय, पीसीबीचं कामही झालंय. त्याने इनडोअरचं झाकण उघडून बॅटरी मारली. पीसीबीवर कोळ्याचं जाळं, अखंड. रिले बदलताना ते कसं राहिलं असतं? मग आम्ही गच्चीवर गेलो. आउटडोअरच्या आत सगळीकडे पाच वर्षांची धूळ, आणि मधोमध एक नवाकोरा चकचकीत कपॅसिटर.

खराब झाला होता तो एवढाच. कपॅसिटर गेला की कॉम्प्रेसर सुरू होत नाही, आत साधी हवा येते. मी बादली आणायला खाली गेलो तेवढ्यात त्या पोराने तो बदलला. आणि काटा? गेजचा पाइप अर्धवट आवळला की व्हॉल्व्हमधली पिन नीट दबत नाही, काटा खाली राहतो. नंतर घट्ट आवळायचा, काटा चढतो. मशीन बंद असताना तर या उन्हात काटा तीनशेच्या आसपास हवा, सुरू झालं की तो उतरतो. माझ्यासमोर उलटं झालं. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, साडेतीनशेचा माल. मी मजुरी धरून साडेसातशे घेतले असते.” साहेब म्हणाला ते जास्त लागलं.

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीतला आहे, कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळतीपाशी बहुतेकदा तेलकट डाग असतो. तो दाखव म्हणा. गळती न काढता भरतो म्हणाला तर दारातूनच वाटेला लावा. नळीतली हवा काढायचा व्हॅक्यूम पंप आणि गॅस तोलायचा वजनकाटा आणलाय का ते आधी बघा.

आता तक्रारीचं ऐका. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता, कपाटात. तिथली मुलगी म्हणाली, आमच्याकडे तुमची नोंदच नाही, तो माणूस आमचा नाही. पण त्याच्या टी-शर्टवर नाव तुमचं होतं ना बाई? “सर, आम्ही आपली गैरसोय समजू शकतो.” बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. १९३० ला, म्हणजे सायबर हेल्पलाइनला फोन लावला. ओटीपी दिला का, लिंक उघडली का? नाही. मग हा सायबर गुन्हा नाही, ग्राहक हेल्पलाइनला जा. १९१५ वाल्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, समोरच्याचं नाव, पत्ता? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही, हे सगळे कौतुकाने सांगतात. नोटीस कुठे पाठवायची ते कुणी सांगत नाही. बाईचं नाव बँकेला माहीत, पत्ता बँकेला माहीत, पण बँक देणार पोलिसांनी मागितला तर, आणि पोलीस मागणार गुन्हा नोंदवला तर.

पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज मराठीत टाइप करून आणा. तिसऱ्या दिवशी हवालदाराने अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, “काका, एसी चालू झाला ना? मग फसवणूक कुठं झाली?” मी म्हटलं, न भरलेल्या गॅसचे पैसे घेतले. “भरला नाही याला पुरावा?” कोळ्याच्या जाळ्याचा फोटो दाखवला. तो हसला. दिवाणी मामला आहे म्हणाला. निघताना दारापर्यंत आला आणि माझ्या नव्या मेकॅनिकचा नंबर मागून घेतला, त्याच्याही घरचा एसी थंड करत नव्हता.

बदललेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कंपनीचा नंबर नेटवर शोधू नका, कार्डावरचा घ्या, आत्ताच फ्रिजवर चिकटवा. माणूस काम करत असताना तुम्ही हलू नका, बादली त्यालाच आणू द्या. आणि बायको मागून काही म्हणाली तर ऐका.

परवा त्याच सेवा केंद्राचा मेसेज आला, नंबर वेगळा: प्रिय ग्राहक, उन्हाळ्यापूर्वी गॅस तपासणीवर २० टक्के सूट. मी तो हवालदाराला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.