+3.5 ची वही: महिला एमएमएवर सात महिने, बिनपैशाची

महिला एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्स) लढतींवर सात महिने वहीत खोटा सट्टा लावून झाल्यावर खरी तक्रार एकाच आकड्याची आहे, +4.5: कमजोर मानलेल्या खेळाडूच्या गुणांत जोडून दिलेले साडेचार गुण. घेणारा बेरीज करून पाहत नाही, म्हणूनच हा आकडा विकला जातो.

आधी वापर कसा केला ते. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैसे लावायचे ॲप भारतात बंद. नागपुरातला सट्टा म्हणजे क्रिकेट. स्ट्रॉवेट या हलक्या वजनगटातल्या लढतीचा स्प्रेड, म्हणजे हे जोडलेले गुण, विचारला तर बुकी तोंडाकडे पाहत राहील. म्हणून शंभर पानी वही, परदेशातले भाव पाहून उतरवायचे आणि प्रत्येक लढतीला कागदावरचे 100 रुपये. डाव साधा आहे. स्ट्रॉवेट आणि त्याच्या वरच्या फ्लायवेटमध्ये बऱ्याच लढती जजांपर्यंत जातात, म्हणजे निकाल गुणांवर लागतो, तेव्हा कमजोर मानलेल्या खेळाडूला +3.5 घेऊन धरायचं. तिन्ही जजांचे गुण एकत्र मोजतात. तिघांनीही 29-28 दिलं तर 87-84, फरक 3. आपली खेळाडू हरूनही वहीत पास. ती नॉकआउट किंवा सबमिशनने (पकडीत हार मानून) हरली तर मात्र साडेतीन गुणांची किंमत शून्य.

आता पेन घेऊन बसा. सगळे राउंड 10-9 असतील (राउंड जिंकणारीला 10, हरणारीला 9) तर तीन राउंडच्या लढतीत एका जजचा फरक 1 नाहीतर 3, म्हणजे विषमच. तीन विषम आकड्यांची बेरीजही विषम: 1, 3, 5, 7, 9. यात 4 कुठून येणार बाप्पा? येतच नाही. म्हणजे +3.5 आणि +4.5 एकच माल, फक्त डबा वेगळा. पाच राउंडच्या लढतीलाही हाच हिशोब. समजा +3.5 चा भाव 1.80 आहे (100 लावून पास झालं तर 180 परत) आणि +4.5 चा 1.72. दर 100 रुपयांमागे 8 रुपये कमी. बरोबरीत सुटायला पहिल्याला 55.6 टक्के वेळा पास व्हावं लागतं, दुसऱ्याला 58.1. हे अडीच टक्के कशासाठी द्यायचे? +5.5 ची गोष्ट वेगळी. 29-28, 29-28, 30-27 म्हणजे फरक 5, तिथे घेतलेल्या गुणाचं काम तरी दिसतं.

चौथ्या महिन्यात हे मत जरा सैल करावं लागलं, कारण 10-8 चा राउंड. 2017 पासूनच्या निकषांत इजा, वर्चस्व आणि कालावधी पाहून जज 10-8 आधीपेक्षा मोकळ्या हाताने देतात. एकाच जजने एक राउंड 10-8 दिला की 29-28, 29-28, 29-27, म्हणजे 87-83, फरक बरोबर 4. सप्टेंबर 2023 ची ग्रासो-शेव्हचेन्को लढत पाहा: 48-47, 47-48 आणि 47-47. तिसऱ्या जजच्या गुणपत्रकावर, म्हणजे कार्डावर, पाचवा राउंड ग्रासोला 10-8 होता, म्हणून 142-142 अशी बरोबरी. तेव्हा +4.5 अगदीच खोटा नाही. पण 10-8 घेणारी बहुतेकदा बाकीचे राउंडही घेऊन जाते. झांग वेलीने यान शियाओनानला एप्रिल 2024 मध्ये तिन्ही कार्डांवर 49-45 ने हरवलं, फरक 12. नुनेस-पेन्या, जुलै 2022: 50-45, 50-44, 50-43, फरक 18. इथे +4.5 काय आणि +10.5 काय! मत पुन्हा होतं तिथेच आलं, फक्त आवाज थोडा खाली.

डाव मोडतो तो फिनिशने, म्हणजे लढत जजांपर्यंत न जाता आधीच संपली की. आपल्या पूजा तोमरच्याच दोन लढती घ्या. जून 2024 मध्ये ती 30-27, 27-30, 30-27 ने जिंकली. कार्डं एकमेकांच्या अगदी उलटी, तरी बेरीज 87-84. समोरच्या रेयान दोस सान्तोसला +3.5 ने धरणारा पास. मार्च 2025 मध्ये लंडनला पूजा शॉना बॅननच्या आर्मबारमध्ये (हाताची पकड) दुसऱ्याच राउंडला अडकली. तिच्यावरचा कुठलाही प्लस तिथेच संपला. त्याहून जड बँटमवेटमध्ये हा डाव वापरूच नका. जून 2025 मध्ये केयला हॅरिसनने पेन्याला दुसऱ्या राउंडमध्ये किमुराने थांबवलं, तशा पकडीपुढे गुण कोण मोजतो. उलट, जून 2022 मध्ये टायला सान्तोस शेव्हचेन्कोकडून 47-48, 48-47, 46-49 हरली. बेरीज 141-144, पट्टा हुकला पण +3.5 टिकला. अशाच एका निकालावर माणूस पुढचे दोन महिने चुकीचं शिकतो.

वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड टक्क्यांच्या रकान्यात झाली. पास होण्याची शक्यता म्हणजे जिंकण्याचे टक्के अधिक निर्णयावर तीन किंवा कमी गुणांनी हरण्याचे टक्के. समजा ती 30 टक्के वेळा जिंकेल आणि 45 टक्के वेळा निर्णयावर हरेल. हे सगळे 45 धरले की 75 होतात आणि 1.80 चा भाव फुकट वाटायला लागतो. पण 30-27 वाले पराभवही त्यातच आहेत. निम्मेच जवळचे धरा: 22.5. एकूण 52.5, लागतात 55.6. सोडून द्या. बहुतेक रविवारी तर्री-पोहे संपायच्या आत वहीत 'सोडली' एवढंच लिहिलं जातं, म्हणजे वही नीट चालली आहे.

दोन किरकोळ पण महागात पडणाऱ्या गोष्टी. भाव वजन झाल्यानंतरचाच उतरवा. कुणी वजनात नापास झाली की आधीचा भाव शिळा. आणि निकालाचा नियम वाचा: 29-28, 29-28, 27-30 मध्ये दोन जजांच्या जोरावर हात वर होतो तिचा जिचे गुण 85, हरणारीचे 86. म्हणजे जिंकलेलीवर -0.5 (तिच्या गुणांतून अर्धा वजा) घेतलेला माणूसही बेरजेत नापास.

नव्या वहीत +4.5 चा रकाना आखलेला नाही. त्या जागी 'कुणाच्या कार्डावर 10-8' असं लिहिलंय.