पायथॉनमधून वर्ड चालवणं सोपं, बंद करणं अवघड (काही महिने वापरल्यानंतर)

आमच्याकडे रोज वर्डच्या फायलींचे पीडीएफ काढायचे असतात, त्यात मराठी मजकूर नि मोठमोठी टेबलं, म्हणून खुद्द वर्डकडूनच करून घेतो, पायविन३२ (पायथॉनमधून विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची लायब्ररी) वापरून. वर्ड सुरू करायला एक ओळ लागते, सेव्हअ‍ॅजला फॉरमॅट १७ दिला की पीडीएफ तयार. खरी कटकट नंतर. व्हिजिबल फॉल्स, म्हणजे वर्डची खिडकी लपवलेली असल्यामुळे समोर काहीच दिसत नाही, आणि स्क्रिप्ट मध्येच एरर येऊन पडली की टास्क मॅनेजरमध्ये विनवर्ड (वर्डची प्रोसेस) आपला बसलेलाच, मेमरी खात, फाईल लॉक करून. पुढच्या वेळी तीच फाईल उघडली की ती वापरात असल्याचा डायलॉग येतो, तो दिसत कुणालाच नाही नि स्क्रिप्ट बसते वाट बघत.

नेटवर लगेच सल्ला मिळतो, टास्ककिल मारा, म्हणजे कमांड देऊन सगळी वर्ड जबरदस्तीने बंद करा. अजिबात नको. त्याच मशीनवर कुणी पत्र टाइप करत असेल तर त्याचंही वर्ड जातं, सेव्ह न होता.

मला जमलं ते असं. वर्ड सुरू करताना डिस्पॅच नाही, दरवेळी नवीन वर्ड उघडणारं डिस्पॅचएक्स वापरायचं, कारण साधं डिस्पॅच आधीपासून उघड्या वर्डलाच जाऊन चिकटू शकतं आणि मग तुमचं क्विट दुसऱ्याचं वर्ड बंद करतं. डिस्प्लेअलर्ट्स (वर्डचे इशारे) शून्य. डॉक्युमेंटचं क्लोज आणि वर्डचं क्विट, दोन्हीला शून्य द्यायचं म्हणजे 'सेव्ह करू नको', आणि दोन्ही फायनलीमध्येच (एरर आली तरी चालणारा कोडचा भाग), पण वेगवेगळ्या ट्रायमध्ये, नाहीतर क्लोज फसलं की क्विटपर्यंत पोचतच नाही. एखाद्या अ‍ॅडइनने (वर्डला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) नॉर्मल टेम्प्लेटला, म्हणजे वर्डच्या मूळ साच्याला हात लावला असेल तर क्विटच्या आधी त्याचं सेव्ह्ड ट्रू करून टाकायचं.

एवढं करूनही प्रोसेस जात नसेल तर व्हेरिएबल बघा. रेंज, टेबल, पॅराग्राफ असं काहीही कुठे धरून ठेवलं असेल तर वर्ड लटकून राहू शकतं, सगळ्यांना नन (पायथॉनमधलं 'काहीच नाही') करा. ज्युपिटर नोटबुकमध्ये तर शेवटच्या एररचा ट्रेसबॅकच (एरर कुठून आली त्याची नोंद) डॉक्युमेंट धरून बसतो, हे सुचायला डोकं फिरतं राव!

आणि हो, सर्व्हरवर कुणी समोर नसताना ऑफिस असं चालवू नका असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. लिबरऑफिसचा हेडलेस (खिडकीशिवाय चालणारा) मोड त्यासाठी बरा, पण पानांची मांडणी कधीकधी हलते, म्हणून आम्ही वर्डवरच आहोत. पासवर्ड लावलेल्या फायलींसाठी एक जुगाड: ओपन करताना काहीतरी खोटा पासवर्ड देऊन टाका, साध्या फायली तशाही उघडतात, आणि लॉकवाल्या डायलॉग न दाखवता सरळ एरर देतात.