पेनड्राइव्ह काढताना घोडं कुठे अडतं: विंडोज, ग्नोम आणि मॅकओएस

ड्राइव्ह विनातक्रार बाहेर येतो तेव्हा तिन्ही सिस्टिम चांगल्याच वाटतात. तो अडला की फरक कळतो.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून (२०१८) यूएसबी ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे मूळ सेटिंग झालं. लिहायचा डेटा विंडोज स्वतःच्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकवून ठेवत नाही. वेग थोडा घटतो, पण सौदा योग्यच. खटकतो तो संदेश: डिव्हाइस वापरात आहे, प्रोग्रॅम बंद करा. कोणता, ते गुलदस्त्यात! खरं तर विंडोजला तो माहीत असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज'खालच्या 'सिस्टम'मध्ये कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद बघा. अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आणि प्रोसेस आयडी तिथे सापडतो. हेच त्या संदेशात लिहायला काय हरकत होती?

लिनक्सवरचा ग्नोम हा डेस्कटॉप इथे सरस आहे, अडवणाऱ्या प्रोग्रॅमची यादी समोर ठेवतो. कॉपीची पट्टी मात्र बिनदिक्कत थाप मारते. १६ जीबी रॅमच्या मशीनवर २ जीबीची फाइल बघता बघता 'कॉपी' होते, कारण ती अजून रॅममध्येच असते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उपलब्ध मेमरीच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साचू देतो. मग इजेक्ट दाबल्यावर 'डेटा लिहिला जात आहे, काढू नका' ही सूचना येते आणि संथ पेनड्राइव्हवर कितीतरी मिनिटं हटत नाही. किती उरलं, याचा पत्ता नाही. प्रॉक फोल्डरमधल्या मेमइन्फो फाइलीत 'डर्टी' आणि 'राइटबॅक' हे आकडे उतरताना दिसतात, तोच काय तो अंदाज. कर्नलचं 'डर्टी बाइट्स' सेटिंग ५० एमबीच्या आसपास आणलं की पट्टी बरीच खरं बोलते. फक्त ते सगळ्याच डिस्कना लागू होतं, हे लक्षात ठेवा.

मॅकओएस बऱ्याचदा दोषी अॅपचं नाव सांगतो. पण डिस्क स्पॉटलाइटच्या (मॅकच्या शोधयंत्रणेच्या) इंडेक्सिंगमुळे अडली असेल, तर बंद करायला खिडकीच नसते. अशी डिस्क स्पॉटलाइटच्या प्रायव्हसी यादीत घालावी. मशीन झोपल्यावर यूएसबी हबची वीज गेली, तरी 'डिस्क नीट इजेक्ट केली नाही' हा ठपका आपल्यावरच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

'फोर्स इजेक्ट' शक्यतो टाळा. अनेक पेनड्राइव्हवर असणाऱ्या एक्सफॅट या फाइल सिस्टिमला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नसतं; लिहिणं अर्धवट तुटलं, तर चालू फाइलीबरोबर फोल्डरची नोंदही बिघडू शकते.