देवगडच्या आंबा पेढीवर एसक्यूलाइट की मायएसक्यूएल?

हंगामात पेढीवर तीन-चार संगणकांवरून एकदम पेट्यांची नोंद चालते, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. या नोंदी साठवायला दोन डेटाबेस सॉफ्टवेअर समोर आहेत: एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल.

एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल. नोंदीचा प्रोग्राम बंद करून तिची प्रत घेतली की बॅकअप झाला. पण एका वेळी लिहिणारा एकच. दुसरा आला की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ (डेटाबेसला कुलूप आहे) असा संदेश. ‘बिझी टाइमआउट’ (कुलूप सुटायची वाट पाहण्याची मुदत) वाढवा, ‘वॉल’ मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) लावा, बरीच कटकट मिटते. मात्र फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांनी उघडायची, ही युक्ती नकोच. वॉल मोड तिथे चालत नाही, शिवाय फाइल बिघडायची भीती.

मायएसक्यूएल हा वेगळा चालणारा सर्व्हर, सगळे संगणक त्याला जोडले जातात. त्यातलं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन ओळीपुरतं, म्हणजे एका नोंदीपुरतं कुलूप लावतं, त्यामुळे चौघं खुशाल लिहितात. दुखणी वेगळी. ‘टू मेनी कनेक्शन्स’ (जोडण्या फार झाल्या) असा संदेश आला, तर एका वेळच्या जोडण्यांची १५१ ची मूळ मर्यादा वाढवण्याआधी ‘शो प्रोसेसलिस्ट’ या आज्ञेने चालू जोडण्या पाहा. बहुधा प्रोग्रामने जुनी कनेक्शन्स बंदच केलेली नसतात. ५० सेकंद ताटकळून ‘लॉक वेट टाइमआउट’ आलं, तर कुणाचं तरी ट्रान्झॅक्शन (एकत्र करायच्या बदलांचा गट) कमिटविना, म्हणजे पक्कं न होता, लोंबकळतंय.

वीज गेली तर अर्धवट नोंदी दोन्ही मागे फिरवतात. पेढीसाठी मी मायएसक्यूएलच घेईन. मालवणात एका संगणकावर चालणाऱ्या खानावळीला एसक्यूलाइट पुरे; तिथे सर्व्हर सांभाळायचा कुणी?