बारबेल की जोर-बैठका? ओझी उचलायला काय कामाला येतं

सिमेंटची गोणी 50 किलोची. स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास. असं ओझं जमिनीवरून उचलून जिना चढायचा तर ताकद लागते पाठीत, नितंबांत, मांड्यांत आणि पकडीत. छाती-दंड नंतर. व्यायाम निवडताना आधी हे बघावं.

ढकलायला आणि लटकायला स्वतःचं शरीर पुष्कळ झालं. पुशअपमध्ये हातांवर सुमारे दोन तृतीयांश वजन येतं, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 45 किलो तरी. पाय खुर्चीवर ठेवले की आणखी वाढतं. पुलअपला, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढायला, तर सगळंच. एकही पुलअप जमत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यावी आणि पाच सेकंद मोजत खाली यावं. असं 3 ते 5 वेळा, आठवड्यातून तीन दिवस.

पायांना मात्र हे पुरत नाही. एका दमात तीस-चाळीस बैठका निघायला लागल्या की पुढच्या बैठकांनी दमसास वाढतो, ताकद फारशी नाही. तालमीत शेकड्यांनी बैठका काढतात त्या कुस्तीत टिकण्यासाठी, आणि तिथे त्या योग्यच आहेत. एका पायावरची बैठक जड असते खरी, पण मांडी थकायच्या आधी तोल जातो किंवा घोटा वाकेनासा होतो. जमिनीवरून ओझं ओढून उचलण्याला तर बिनवजनाच्या व्यायामात चांगला पर्यायच नाही.

तिथे डेडलिफ्टच हवी, म्हणजे जमिनीवरचा बारबेल (दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावलेला लांब दांडा) उचलत सरळ उभं राहणं. दांडा पावलाच्या मध्यावर, नडगीपासून दोन बोटं दूर. पाठ सरळ, पोट घट्ट, दांडा पायाला घासत वर. तो पुढे सरकला की सगळा ताण कमरेवर येतो. पाच-पाच वेळा उचलण्याच्या तीन फेऱ्या पाठ न वाकता झाल्या की दोन्ही बाजूंना 1.25 किलोची एकेक प्लेट चढवायची. इतकी बारीक वाढ शरीराच्या वजनावर साधत नाही, बारबेलचा खरा फायदा हाच.

घरच्या बारबेलवर एक चूक सर्रास होते. जिममधल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर, त्यामुळे दांडा जमिनीपासून 22.5 सेंटिमीटर वर असतो. घरच्या छोट्या प्लेटमुळे तो खाली जातो आणि पाठीला बाक येतो. प्लेटखाली लाकडी फळ्या रचून उंची भरून काढावी.

आमचं मत: जिम जवळ असेल तर आठवड्यातून दोनदा डेडलिफ्ट आणि स्क्वॉट (खांद्यावर बारबेल घेऊन बैठका), बाकी जोर आणि पुलअप घरी. हर्निया, रक्तदाब किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल तर वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

जिम नसेल तर वाळूची गोणी घ्यावी. गोणीला मूठ नसते, ती अंगाशी कवटाळावी लागते, प्रत्यक्ष कामातही तसंच असतं. कोरडी वाळू जाड पिशव्यांत 5-5 किलो घट्ट बांधून गोणीत भरावी. सुरुवातीला चार पिशव्या पुरतात. पाठ न वाकता पाच वेळा उचलता आली की पाचवी घालावी.