नस कमजोर म्हणाले आणि ३६ हजारांची मशीन गळ्यात मारली

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. लेक अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. भांडं पडलं की दचकायची, ट्रॅक्टरचा आवाज आला की दाराकडे धावायची, पण हाक मारली तर वळायची नाही. माझी आई तेव्हाच म्हणाली होती, "तिले आयकू येते, पन समजत नाही." तिचं ऐकायला हवं होतं.

दिवाळीनंतर समाजमंदिरात मोफत कान तपासणी लागली. पांढऱ्या कोटातल्या माणसानं लेकीला हेडफोन लावला, मोबाईलवर आवाज वाजवले. पाच मिनिटांत म्हणाला, "भाऊ, कानाची नस ऐंशी टक्के कमजोर आहे. आज ऐकायची मशीन घेतली नाही तर पोरगी मुकी राहील." माझे हातपाय गळाले. कापसाच्या चुकाऱ्यातले ३६ हजार मोजून दिले, दोन मशीन आणल्या. बिल मागितलं तर कार्ड दिलं.

लेक मशीन उपटून फेकायची, रडायची. फोन केला की उत्तर एकच, "सवय होऊ द्या." मग तो फोनही बंद झाला.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजात पहिलाच प्रश्न आला: जन्मल्यावर कावीळ झाली होती का? झाली होती, इतकी की रक्त बदलावं लागलं होतं. शिबिरात हे कुणी विचारलंच नव्हतं. तिथे आधी कानात बारीक नळी ठेवून ओएई ही कानातल्या पेशींची तपासणी केली, ती चांगली आली. मग लेकीला झोपवून, कपाळाला आणि कानामागे तारा लावून बेरा ही नसेची तपासणी केली. त्यात लहरी उमटल्याच नाहीत. म्हणजे कानातल्या पेशी आवाज पकडतात, पण नस तो मेंदूपर्यंत नीट पोचवत नाही. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. जास्त कावीळ हे त्याचं एक मोठं कारण. मशीन आवाज मोठा करते, स्पष्ट करत नाही. काही मुलांना तिचा उपयोग होतो, काहींना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, लागतं, पण ते तपासण्या पाहून ठरतं. हेडफोननं नस कळत नाही. नुसती ओएई केली तरी हा आजार नजरेतून सुटतो.

पैशांपेक्षा गेलेले पाच महिने मला जास्त छळतात. बोलणं शिकायचं तेच वय होतं.

म्हणून कुणी लेकराची नस कमजोर सांगितली, तर बेराचा कागद मागा आणि ऑडिओलॉजिस्टचा, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. परवा दिग्रस रोडवरच्या एका गावात तसाच फलक दिसला. शिबिर येत्या रविवारी आहे.