नॅसचं फर्मवेअर उडालं होतं, शहापूर खडेबाजारातल्या रिपेअरीवाल्याचा अनुभव

घरातलं नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली ठेवायचा डिस्कचा डबा, अचानक गेलंय, पुढची लाइट नुसती ब्लिंक व्हायलीय, राउटरच्या लिस्टमध्ये नाव पण येईना आणि आत घरचं सगळं आहे, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहायलोय. दुकान शहापूरच्या खडेबाजारात आहे, बेळगावच्या खडेबाजारात नव्हे, कपिलेश्वर ब्रिज उतरून पलीकडं. बोर्ड मोबाइल रिपेअरीचा आहे म्हणून पटकन लक्षात येत नाही, जिना चढून वर जायचं. एकटा माणूस काम करतो, तिशीतला असेल, फोनवर कन्नड आणि आपल्याशी मराठी.

जुलैतली गोष्ट. बेळगावचा पाऊस माहीतच आहे तुम्हाला, लागला की चार-चार दिवस उघडत नाही आणि लाइटची ये-जा चालूच. त्या दिवशी संध्याकाळी नॅसच्या पेजवर फर्मवेअरचा, म्हणजे डब्याच्या आतल्या सिस्टीमचा, अपडेट आलाय असं दिसलं, मी क्लिक केलं, पट्टी निम्म्याच्या पुढं गेलती आणि लाइट गेली. राउटरला छोटा यूपीएस होता, नॅसला नव्हता. लाइट आल्यावर डिस्क फिरल्याचा आवाज आला, निळी लाइट ब्लिंक व्हायला लागली, ती रात्रभर तशीच. मागचं रिसेटचं बारीक बटण पिनेनं दहा-दहा सेकंद दाबून झालं, काही उपयोग नाही.

आत काय होतं ते सांगतो म्हणजे माझी अवस्था कळेल. २ टीबीच्या दोन डिस्क, रेड १, म्हणजे एकीवर जे तेच दुसरीवर. पोरांचे लहानपणापासूनचे फोटो, आमच्या गल्लीच्या शिवजयंतीच्या चित्ररथाचे कितीतरी वर्षांचे व्हिडिओ, आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या. आई खानापूर तालुक्यातली, जंगलाकडच्या गावातली, तिच्या ओव्या मी २०१५ ला फोनवर रेकॉर्ड केलत्या, ती २०१९ ला गेली. तो फोन कधीच गेलाय. दोन डिस्कवर आहे म्हणजे दोन कॉपी आहेत असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, पण दोन्ही डिस्क एकाच डब्यात आणि डबाच बंद, हे डोक्यात आलंच नव्हतं.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेलतो, नाव घेत नाही. तिथल्या पोरानं डिस्क काढली, विंडोजच्या पीसीला लावली, स्क्रीनवर आलं की डिस्क फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही, आणि त्याचा हात माउसवर. मी ओरडलोच. नॅसच्या आत लिनक्स असतं, डिस्कवर ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत, आणि त्याच्याखाली रेडची मांडणी, विंडोजला ते वाचता येत नाही म्हणून ते फॉरमॅट करू का विचारतं. डेटा जाग्यावरच असतो. ते एक क्लिक केलं असतं तर मात्र सगळं अवघड होऊन बसलं असतं. दुसरीकडं फोनवर विचारलं तर डिस्क न बघताच तीस हजार सांगितले.

मग उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या मित्रानं हे खडेबाजारचं सांगितलं, त्यांच्या मशीनचे कंट्रोल बोर्ड हा दुरुस्त करतो म्हणे. डबा घेऊन गेलो तर त्याचा पहिलाच प्रश्न, "काका, डिस्क कुणी काढली होती काय?" होय म्हटलं, एकदा. "कुठली कुठल्या खणात होती आठवतंय?" नशिबानं त्या पोरानं काढतानाच मी वर पेनानं खूण केलती. त्यानं चिकटपट्टी लावून १ आणि २ लिहिलं, दोन्ही डिस्क बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, "तुमचं डबडं बंद पडलंय. डिस्क गेल्यात असं अजून कोण म्हटलंय? दोन्ही वेगवेगळं बघूया." त्या चार दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

आणि त्यानं डब्याला हात लावायच्या आधी डिस्क घेतल्या, माझ्या मते या दुकानाची खरी किंमत इथंच आहे. दोन्हीचं स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढलं. एक चांगली निघाली, दुसरीत पेंडिंग सेक्टर दिसायले होते, म्हणजे काही जागा वाचताना अडखळायल्यात. चांगल्या डिस्कची डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या प्रोग्रामनं नव्या डिस्कवर आख्खी कॉपी काढली, नवी डिस्क मला आणून द्यावी लागली, ते चार-पाच तासांचं काम रात्रभर लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती कॉपी लिनक्स लॅपटॉपला लावून रेड फक्त वाचण्यापुरतं जोडलं. माउंट करताना, म्हणजे फाइली उघडण्यासाठी डिस्क जोडताना, त्यानं नोलोड असा एक ऑप्शन घातला, का विचारलं तर म्हणाला नुसतं रीड ओन्ली दिलं तरी ईएक्सटी४ आपलं जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद, पुरं करायला डिस्कवर लिहू शकतं, हे दिलं की तेवढं पण लिहीत नाही. कॉपीच होती, लिहिलं असतं तरी बिघडत नव्हतं, पण त्याची सवयच तशी. फोल्डर दिसले. ओव्यांची एक फाइल त्यानं न सांगताच लावली आणि लगेच बंद करून हेडफोन माझ्याकडं दिला.

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं, पण डबा पण चालू करून देतो म्हणाला आणि मला बघायचं होतं, म्हणून बसलो.

बोर्डवर एका कोपऱ्यात चार पिनांची जागा असते, कंपनी टेस्टिंगसाठी ठेवते, ती सिरियल कन्सोल, चालू होताना डबा काय करतोय ते तिथनं लॅपटॉपवर वाचता येतं. मल्टिमीटरनं ग्राउंड शोधला, ३.३ व्होल्टचा यूएसबी कन्व्हर्टर लावला, इकडची टीएक्स (पाठवणारी पिन) तिकडच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला), आणि व्होल्टेजची चौथी पिन मुद्दाम मोकळी ठेवली, ती जोडली तर बोर्ड जाऊ शकतो म्हणे. स्पीड १,१५,२०० ठेवून डबा चालू केला आणि लॅपटॉपवर ओळी पळायला लागल्या. म्हणजे सगळ्यात आधी चालू होणारा छोटा प्रोग्राम, यू-बूट, शाबूत होता. तो पुढं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, वाचायला जायचा, चेकसम, म्हणजे डेटा बरोबर आहे का ते बघायचा आकडा, तपासायचा आणि बॅड डेटा सीआरसी म्हणून थांबायचा. चार दिवस नुसती निळी लाइट बघत होतो, कारण त्या एका ओळीत लिहिलेलं होतं! कर्नल फ्लॅशमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मेमरी चिपमध्ये, अर्धवट लिहून राहिलेलं.

मग चालू होताना की दाबून यू-बूटला अडवलं, लॅपटॉप आणि डबा एका लॅन केबलनं सरळ जोडले, लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे केबलवरनं फाइल पाठवायची सोय, चालू केला. फर्मवेअरची फाइल कंपनीच्या साइटवरनंच घेतली, पण त्याआधी बोर्डवरचा रिव्हिजन नंबर भिंग लावून वाचला, कारण एकाच मॉडेलची आतली बोर्डं वेगळी असू शकतात आणि चुकीची फाइल गेली तर उरलेलं पण जातं. आणि फाइल आली म्हणून लगेच फ्लॅशमध्ये लिहिली नाही. आधी नुसती रॅममध्ये चढवून तिथनंच बूट करून बघितलं. लॉगिन पेज आलं. त्यानंतर फ्लॅशमध्ये जे होतं नव्हतं त्याची कॉपी काढून ठेवली, मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची डब्याची ओळख) पण वहीत लिहून घेतला, आणि मग कर्नल आणि रूटची (बाकीच्या सिस्टीमची) जागा तेवढी पुसून नवीन लिहिलं, यू-बूटला हातच लावला नाही. तो गेला तर कन्सोलवर काहीच येणार नाही, मग जेटॅग (बोर्डवरच्या वेगळ्या पिनांतनं थेट चिपवर लिहायची पद्धत) किंवा चिप काढून प्रोग्रॅम करायची वेळ येते म्हणाला. हे सगळं होईपर्यंत डिस्क बाहेरच.

शेवटी डिस्क घालून चालू केलं तर दोन मिनिटांनी परत रिस्टार्ट. माझ्या पोटात गोळाच आला. त्यानं अडॅप्टर मीटरला लावला, नुसता १२.१ व्होल्ट दाखवायचा पण दोन्ही डिस्क फिरायला लागल्या की १०.८ वर यायचा. जुना झाला की असं होतं. नवीन १२ व्होल्ट ५ अँपिअरचा लावला आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही बंद नाही. पेंडिंग सेक्टरवाली डिस्क बदलून नवी घातली, रेड परत सिंक व्हायला जवळजवळ पूर्ण दिवस गेला.

पैसे: मजुरी १,८०० घेतली, अडॅप्टर वेगळा, दोन्ही नव्या डिस्क माझ्या. झालेल्या कामाच्या मानानं मला ही मजुरी कमी वाटली आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

आता जे पटलं नाही ते पण लिहितो. एकूण नऊ दिवस लागले. काम जोखमीचं आहे, एकटा आहे, सगळं मान्य, पण मधले तीन दिवस फोनच उचलला नाही, आणि ज्याचा डेटा अडकलाय त्याला तीन दिवस फार मोठे असतात. एक मेसेज टाकला असता तरी पुरे होतं. नवी डिस्क लागणार हे पण पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं, मी परत घरी अनगोळला जाऊन पैसे घेऊन आलो. बिल मागितलं तेव्हा दिलं, आपणहून नाही. खडेबाजारात गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी तर अजिबात नाही.

सगळ्यांचं असंच काम होईल असं नाही, ते त्यानंच सांगितलं. काही नॅसमध्ये सिस्टीम फ्लॅशवर नसून डिस्कच्याच एका पार्टिशनवर असते, सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये तसं आहे, तिथं दुरुस्तीची पद्धत वेगळी. डिस्क खटखट आवाज करत असेल तर तो घेतच नाही, चालू पण करू नका म्हणतो आणि क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या मोठ्या लॅबला पाठवायला सांगतो.

माझ्याकडं आता नॅसला यूपीएस आहे, यूएसबीनं जोडलेला, लाइट गेली की नॅस स्वतः नीट बंद होतं. ओव्यांची आणि फोटोंची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर काढून खानापूरला बहिणीकडं ठेवलीय.

कुणी जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी नसते आणि तो नीट बोलतो. डिस्क काढू नका, काढल्या असतील तर कुठली कुठल्या खणातली ते लिहून न्या. आणि अडॅप्टर घरी ठेवून जाऊ नका, डब्याबरोबर तोच घेऊन जा.